ड्रायरची जाळी

मधूच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, तेव्हा डॉक्टरांनी तंबाखू त्याच दिवशी बंद करायला सांगितली. "तुम्ही तंबाखू सोडा, मी चहा सोडते," त्याची बायको द्वारका म्हणाली आणि दोघांनी देवापुढे तसा शब्द दिला. त्याला आता अकरा महिने झाले होते.

कर्जतच्या पावसात कपड्यांना कुबट वास येतो, म्हणून मधूनेच हौसेने ड्रायर आणला. त्यातली कपड्यांचं तूस अडकवणारी जाळीही तोच साफ करायचा. "तू वाकू नकोस गं, तुझी कंबर धरते," म्हणायचा. हे कौतुक द्वारकाने अख्ख्या आळीला सांगितलं होतं.

मधू चार दिवस पळसदरीला बहिणीकडे गेला आणि ड्रायरमधून कपडे ओलेच निघायला लागले. "हात लावू नकोस, आल्यावर मी बघतो," तो फोनवर घाईघाईने म्हणाला. पण ओल्या टॉवेलांचा ढीग बघून तिने मेकॅनिक लियाकतला बोलावलंच.

त्याने जाळी उपसली, खालच्या फटीत हात घातला आणि तिची नजर चुकवत म्हणाला, "वहिनी, मशीनला काय झालेलं नाय. खाली सरकून हवेच्या वाटेत ह्या अडकल्यात."

तंबाखूच्या चार पुड्या आणि चुन्याची डबी. भर श्रावणात तंबाखू कशी कडकडीत कोरडी होती!



"बसा लियाकतभाऊ, चहा टाकते," द्वारका म्हणाली. "मलाही घ्यायचाय."