पडद्याच्या कोपऱ्यातला पत्ता

"माईक बंद करा तुमचा. आत्ता त्या बोलताहेत," कोर्टाच्या समुपदेशक बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याने मुकाट्याने माईक बंद केला आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता बायकोला दोन शेलक्या शिव्या हासडल्या.

आपल्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, नजर तपासायच्या तक्त्याखाली बसून तो या व्हिडिओ मीटिंगा करायचा. वकिलाने पढवलं होतं तसं आधी सगळं आवरून ठेवायचा. मेसेज बंद, सूचना बंद. बायकोच्या मैत्रिणींची, तिच्या ऑफिसातल्या लोकांची सोशल मीडियावरची पानं तिचा माग काढायला दिवसभर उघडी असायची, तीही आठवणीने मिटवायचा. मागे फक्त पांढरी भिंत. बघणाऱ्याला वाटावं, काय सज्जन माणूस आहे!

आणि होताच की सज्जन! निदान त्याचं तरी तसं ठाम मत होतं. बायको एका दुपारी पोरीला घेऊन निघून गेली. का, तर म्हणे भीती वाटते. डोंबल्याची भीती! चार ताटं फुटली असतील, एकदा दार जरा जोरात लागलं असेल. कुठल्या घरात होत नाही? पण कोर्टाने तिचंच ऐकलं आणि तिचा पत्ता गुप्त ठेवला. बापाला पोरीचा पत्ता नाही, हे आठवलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता मात्र वारं फिरलं होतं. चिमणीने दर रविवारी बापाकडे यायचं की नाही, हे उद्या ठरणार होतं, आणि त्यासाठी उद्या त्याच्या आईला बोलावलं होतं.

"त्यांनी तुमचा संसार जवळून बघितलाय," बाई म्हणाल्या. "त्यांच्या सांगण्याला वजन आहे."

असणारच. सून गेल्यावर आईही तणतणत घराबाहेर पडली होती आणि कुठेशी खोली घेऊन एकटी राहत होती, ही गोष्ट वेगळी. पण परवाच फोनवर म्हणाली होती, "मी तुझ्याच बाजूने बोलणार. माझा मुलगा तापट आहे, वाईट नाही." शेवटी आई ती.

"अट लक्षात आहे ना?" बाईंनी विचारलं. "यांना शोधायला गेलात, तर रविवार विसरायचा."

त्याने माईक चालू केला. "अहो मॅडम, मी कशाला शोधू? मला माझी लेक भेटली की झालं."

बायकोने मान वर केली नाही. "चिमणीने शाळेत काढलेली चित्रं दाखवते," ती म्हणाली आणि तिने आपल्या लॅपटॉपचा पडदा सगळ्यांसमोर उघडला.

एक घर, एक मांजर, एक भलामोठा सूर्य. आणि तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात टुणकन एक चौकट वर आली. 'आपलं पार्सल आज पोहोचेल. पाण्याच्या टाकीसमोर, लॉन्ड्रीच्या वर, दुसरा मजला, जिन्याला लागून डावीकडे.'

बायकोने धडपडत चौकट मिटवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो ताई!" समुपदेशक बाई कडाडल्या. "सगळा पडदा कशाला दाखवता? फक्त चित्रांची खिडकी दाखवायची! आणि सूचना बंद करा म्हणून किती वेळा सांगितलं?"

"चुकलं माझं."

"तुम्हाला काही दिसलं का?" बाईंनी चष्मेवाल्याकडे रोखून बघितलं.

"कुठे काय? मी मांजर बघत होतो. छान काढलंय." उभा जन्म तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचण्यात गेलेला माणूस तो. त्याला पत्ता तोंडपाठ झाला होता.

मीटिंग संपल्यावर तो खुर्चीत नुसता बसून राहिला. उद्यापर्यंत कळ काढायची, की आजच जायचं? उद्या काय मिळणार, तर रविवार. स्वतःच्या पोरीची भीक, आठवड्यातून एकदा! त्यापेक्षा आजच समोर उभं राहावं. एकदा नीट जरब बसली की कोर्टाची पायरी चढायची हिंमतच व्हायची नाही तिची. आणि आली तक्रार, तर पुरावा काय?

त्याने मोबाइल मुद्दाम गल्ल्यात टाकला, शटर ओढलं आणि निघाला.

गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली. पाण्याची टाकी सापडली, लॉन्ड्री सापडली. इस्त्रीचे कपडे घेऊन कुणी आत चाललं होतं, त्याच्या मागोमाग तो जिना चढला. दुसरा मजला, डावीकडे. दारावर पाटी नव्हती. लबाड आहे, त्याला वाटलं. त्याने दाराच्या भिंगावर अंगठा ठेवला आणि बेल दाबली.

आतून पावलं आली आणि दाराशी थांबली.

"मीच आहे," तो दाराला तोंड लावून म्हणाला. "लपलीस ना? सापडलीस. चिमणीला घे आणि मुकाट बाहेर ये. उद्या कोर्टात तोंड उघडलंस तर या खेपेला ताटं नाही फुटणार, तुझं डोकं फुटेल. उघडतेस, का तोडू?"

मग कडी सरकली. साखळी ताणली जाईल एवढंच दार उघडलं आणि फटीतून त्याची आई त्याच्याकडे बघत राहिली.

"आई? तू इथे काय करतेस?"

"राहते. वर्ष होईल आता. तू कधी विचारलं नाहीस."

"पण हा पत्ता तर तिच्या..."

"मीच म्हटलं तिला, माझा पत्ता दाखव," आई म्हणाली. "छातीठोकपणे सांगितलं, माझा मुलगा येणार नाही." आणि तिने दार लावून घेतलं.