आरशावानी इंजिन

नायगावच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ठिणगी म्हणजे साक्षात काळ. म्हणून आग विझवायच्या पंपाचं डिझेल इंजिनसुद्धा व्यंकटराव मालकांनी बॅटरीवर न घेता हवेवर चालू होणारं घेतलं. शेजारच्या टाकीत दाबून भरलेली हवा सोडली, की इंजिन धडधडायला लागायचं. पाहुणा आला की मालक चहाच्या आधी ते इंजिन दाखवायचे.

खंडेनवमीच्या सकाळी मालक ऑपरेटरला म्हणाले, "दयानंद, पूजेला इंजिन कसं आरशावानी दिसलं पायजे."

"हाव मालक."

सणाला यंत्रं चालवायची नसतात, म्हणून हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद होता. दयानंदनं इंजिनाच्याच टाकीला पाइप जोडला आणि इंजिनाच्या फटीफटीतला कापूस फुंकून काढला. मग हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आरती रंगात आली आणि ताटातला पेटता कापूर घरंगळून पूजेला मांडलेल्या मुहूर्ताच्या कापसात पडला.

"दयानंद, पंप लाव लवकर!"

दयानंदनं व्हॉल्व्ह फिरवला. इंजिन एकदा फुसफुसलं आणि गप झालं.

"हवा कुठं गेली रं?"

"मालक, तुमीच म्हनलाव न्हवं, आरशावानी दिसलं पायजे."

माणसं तेवढी वेळेत बाहेर पळाली. बंब येईपर्यंत शेड, गाठी, यंत्रं, सगळं जळून गेलं होतं.



वाचलं ते फक्त आग विझवायचं इंजिन. पेट घ्यायला त्याच्यावर कापसाचा एक कणही नव्हता.