सगळे वाफे पोटभर

यशोधनच्या मक्याचा निकाल लागला: बाराही वाफ्यांत कणसं सारखीच भरली. मग तो निकाल लागलाच नाही असं त्याने ठरवलं आणि पुन्हा पहिल्या कणसापासून दाणे मोजायला बसला.

वाफे सारखे भरायचं काही कारणच नव्हतं. पीएचडीसाठी त्याने काहींना भरपूर युरिया दिला होता, काहींना मुद्दाम चिमूटभरही नाही. कुठे रोपं ऐसपैस लावली होती, कुठे अगदी खेटून. उपाशी आणि दाटीतल्या कणसांचे शेंडे दाण्यांवाचून बोडके राहायला हवे होते. त्या बोडकेपणावरच त्याची तीन वर्षं उभी होती.

"मावशी, त्या पिवळ्या वाफ्यांना काही घातलंत का?"

ठकूमावशी दहा वर्षं विद्यापीठाच्या शेतावर खुरपत होत्या. "घातलं की! शेजारचा हिरवागार, आन् ह्यो कावीळ झाल्यागत. एका पंगतीत असा दुजाभाव करत्यात व्हय? तुझ्याच पोत्यातला युरिया घातला, मूठमूठ."

"आणि दाटीतली रोपं?"

"उपटली निम्मी. जीव गुदमरत हुता त्यांचा." मग जरा लाजून म्हणाल्या, "आभार नगं मानू, लेकरा."

राग येतोय का, हे त्याने थोडं थांबून पाहिलं. आला नाही. मग त्याने आभार मानले आणि विभागप्रमुखांना अर्ज लिहायला घेतला.

"महोदय, गेल्या खरिपातले जुलै व ऑगस्ट हे दोन महिने, शक्य असल्यास पावसासकट, प्रस्तुत विद्यार्थ्यास पुन्हा वापरण्यासाठी मिळावेत. काम होताच ते सुस्थितीत परत केले जातील. तरी मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती."