चौथी बाजू

बांबूच्या तिन्ही बाजूंना जमिनीत पत्रा लागला आणि चौथ्या बाजूला नुसतीच काळी माती. मैत्रीने लोखंडी सब्बल मातीत पुन्हा घालून पाहिली. तिचा विश्वास बसेना. रामाजी गुरुजींनी, म्हणजे तिच्या बाबांनी, आयुष्यात एकही काम अर्धवट टाकलं नव्हतं. नेमका हा एक पत्रा तेवढा कसा राहून गेला?

बेला गावातल्या घरामागचा हा बांबू त्यांनी आसामच्या सहलीतून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला होता. आपल्याकडचा बांबू गुमान एका जागी बेट करून बसतो. हा पळता. याची मुळं जमिनीखालून सरकत जातात आणि भलत्याच ठिकाणी कोंब काढतात. म्हणून गुरुजींनी भोवती दोन हात खोल चर खणून पत्रे पुरले होते. दर वर्षी मृगाच्या आधी ते चर साफ करायचे, पत्र्यावरून डोकावणारी मुळं छाटायचे आणि लहानगी मैत्री ती टोपलीत गोळा करायची. मग दोघं बांबूच्या सावलीत बसून कांदा-भाकर खायचे. गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली, मैत्री आदिलाबादला ऑफिसात लागली, तरी ती सावली तिला अजून आठवे आणि जीव हळवा होई.

पत्रा राहिला होता तो मागच्या गल्लीकडचा. तिथूनच मुळं कंपाउंडच्या भिंतीखाली घुसली होती. भिंतीला हात जाईल एवढा तडा गेला होता आणि पलीकडे गल्लीच्या मोकळ्या पट्टीत बांबूच बांबू झाला होता. कुलदीप गवंड्याने साफ सांगितलं, "मॅडम, भिंत नवीच बांधा लागते. पन आधी इकडून पत्रा टाका, नाही त बांबू मुळासकट काढा. नाही त नवी भिंतबी जाते." मुळासकट काढायला मैत्री तयार नव्हती. बाबांच्या हातचं एवढंच तर उरलं होतं. तिने त्याच दिवशी पत्रा आणवला.

आणि तरीही या बांबूपायीच बाबांची एक आठवण तिला वर्षानुवर्षं सलत आली होती. ती पाचवीत होती. वर्गातल्या शीतलचे वडील फाटकाशी आले. थोरल्या मुलीचं लग्न होतं, मांडवाला बांबू हवे होते. गुरुजी म्हणाले, "माह्या दारात बांबू मागाले याचं नाही." आणि फाटकाची कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी शीतल भर वर्गात म्हणाली, "तुहे बाबा लय चिक्कट हायेत." लग्नाचा मांडव हिरव्यागार बांबूंवर उभा होता. बाजारातून आणले असतील असं समजून मैत्री खाली मान घालून जेवली. गोरगरिबांच्या पोरांना वह्यापुस्तकं घेऊन देणारे बाबा बांबूच्या बाबतीत असे का, हे विचारायचं तिला कधी धाडस झालं नाही.

पत्रा चरात नीट बसला. कुलदीप फावड्याने माती लोटू लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडून कोयत्याचा आवाज आला. मैत्रीने डोकावून पाहिलं. गल्लीतल्या प्रयागबाई, ऐंशीला टेकलेल्या, एक उंच बांबू बुंध्याशी तोडत होत्या. जयंती चार दिवसांवर आली होती. विहारावर नवा ध्वज चढायचा होता.

"आजी, इचारून त न्याचा," मैत्री म्हणाली. "मी काय नाही म्हटलं असतं?"

"इचारलं त गुरुजी देत नव्हते, माय," प्रयागबाई कपाळाचा घाम पुसत म्हणाल्या. "न इचारता नेला तरच द्याचे."

प्रयागबाईंनी कोयता कमरेला खोचला.

"तुहा आजा मालकाच्या वावरात मजुरीनं होता. पयल्या जयंतीले ध्वजासाठी त्यानं एक बांबू मागतला. तीन दिवस मालकाच्या दारात हुभा राह्यला. गुरुजी एवढेसे, बापाचं बोट धरून. तिसऱ्या दिवशी खाली हातानं वापस आले. म्या पाह्यलं हाय ते. म्हून गुरुजीनं गल्लीकडून पत्रा टाकलाच नाही. म्हणे, बांबू भिंतीखालून तिकडं जाऊ द्या. ज्याले लागंल त्यानं तोडून न्याचा, पन माह्या दारात कोनी हुभं राहू नाही."

"मग शीतलच्या बहिणीच्या मांडवाचे?"

"इथलेच. म्याच तिच्या बापाले गल्लीतून धाडलं होतं."

"बाबानं मले कदी सांगतलं नाही."

"तुले सांगू नका म्हणत. पोरगी उद्या लोकाईकडं उपकार केल्यावानी पाह्यन, म्हणे, यानं आमचा बांबू नेला म्हून."

मैत्रीला हुंदका आवरेना. इतकी वर्षं ती बाबांच्या वतीने लाजत आली होती आणि आज तिला लाज वाटली ती स्वतःची. प्रयागबाईंनी बांबू खांद्यावर घेतला आणि त्या विहाराच्या वाटेला लागल्या. बांबूचा शेंडा भिंतीवरून बराच वेळ हलताना दिसत होता.

"कुलदीपभाऊ, तो पत्रा काढा," ती म्हणाली.

कुलदीपने फावडं टेकवलं. "म्हंजे बांबू खोदाचा काय, मॅडम? नाही त भिंत टिकत नाही, सांगून राह्यलो."

"बांबू नाही खोदाचा," मैत्री डोळे पुसत म्हणाली. "भिंतच घराकडच्या जुन्या पत्र्याच्या अलीकडं घ्या. बांबू सगळा गल्लीत राहू द्या."