खारी मोरी

तिसऱ्यांदाही यंत्राने तोच आकडा दाखवला. प्रयोगशाळेतल्या राजेशने चष्मा कपाळावर चढवला. "सर, आपकी दीदीवाली मछली तो फेल हो गई."

लक्ष्मीकांत हसला नाही. चूक त्याचीच होती. पारा मोजायचं नवं यंत्र चालवून बघायला समुद्री माशाचा तुकडा हवा होता, आणि लखनौत तो आणणार कुठून? म्हणून घरच्या डब्यातल्या खाऱ्या मोरीचा, म्हणजे मीठ लावून सुकवलेल्या मुशीचा, एक तुकडा तो कागदात गुंडाळून घेऊन आला. अमौसी विमानतळावर उतरणाऱ्या कुणा ओळखीच्याबरोबर मालवणहून मोठी बहीण पद्माक्का ती दर वर्षी पाठवायची. विकास नगरातल्या दोन खोल्यांत, शेजारी नाक मुरडतात म्हणून, तो खिडक्या लावून ती भाजायचा आणि एकटाच खायचा. बहिणीने मायेने पाठवलेलंही मोजून बघणारा हा माणूस. जित्याची खोड, दुसरं काय!

खाण्याच्या मर्यादेच्या तिप्पट पारा. तो कुठून आला हे त्याला कुणी सांगायला नको होतं. अकरा वर्षं तो हेच शोधत होता. कोळशाच्या धुरातून पारा हवेत जातो, वाऱ्याबरोबर हिंडतो, समुद्रात पडतो आणि लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. मोरी तर शार्कच्याच जातीची. पण अहवालात लिहिणं वेगळं आणि बहिणीला सांगणं वेगळं. आक्काची मुलगी सावनी बारा दिवसांची बाळंतीण होती, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून त्यांच्या घरात मोरीचंच कालवण देत.

तो संशोधन संस्थेच्या गच्चीवर गेला आणि फोन लावला.

"आक्का, सावनीला मोरी देऊ नकोस."

"कित्याक? दोन वेळ देतंय. दूध बरां येता."

त्याने सगळं सांगितलं. धूर, वारा, पारा, आणि शेवटी बाळ.

"माझ्या बाळंतपणात आयेन माका हीच दिल्यान," आक्का म्हणाली. "ही हवा खंयची म्हणतंस?"

"सगळीकडची. इथलीसुद्धा."

"तुका खावक धाडलेली. तू तपासूक नेलंस."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आता ती फोन ठेवणार, आणि चौदाशे किलोमीटरवर मोरीचं ताट सावनीपुढे जाणार, अशी त्याला भीती वाटली.

"सावनी, ता खाव नको गो," आक्काने आत हाक मारली. ताट उचलल्याचा आवाज आला. लक्ष्मीकांतला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

आक्का पुन्हा फोनवर आली.

"तिका पेज करून देतंय," ती म्हणाली. "पण तुका आता काय धाडू?"