तळाची पट्टी

सीमेपलीकडच्या त्या गावात औषधालाही मूल नव्हतं. आकडेवाली बाई तिथे आली होती ती दोन देशांचे तक्ते ताडून बघायला: लोकांची आजची वयं आणि पाच वर्षांनंतरची. सातव्या महिन्यात कसला प्रवास, म्हणून सासूबाई रागावल्या होत्या. पण हिचं म्हणणं, काम ते काम.

कचेरीतल्या कारकूनकाकांनी तक्ते टेबलावर पसरले. वयांच्या पट्ट्या एकावर एक, सगळ्यांत लहानांची तळाशी. तिच्या देशाचा मनोरा खाली चांगला ऐसपैस होता. यांचा मेला डोक्यावर उभा. तरी गावाच्या तळाच्या पट्टीत एक जण दाखवला होता. ते मूल जरा बघू दे, असं ती म्हणाली.

काकांनी आत वळून "बाळ" अशी हाक मारली. चहाचे कप घेऊन एक टक्कल पडलेला माणूस आला. याच्यानंतर गावात पाळणा हललाच नाही, म्हणून दरसाल यालाच तळाशी धरतो, तळ रिकामा बरा दिसत नाही, असं काकांनी सांगितलं. तिला हसू आलं. बाळ हसला नाही. तो तिच्या पोटाकडे बघत होता.

"सुटलो," तो म्हणाला. "आता मी वर सरकणार."

तिने पोटावर हात धरला. खिडकीबाहेर म्हातारी माणसं जमली होती, एकजात पांढरी डोकी. त्यांचीही नजर तिथेच होती. संध्याकाळच्या गाडीने निघते, असं म्हणत तिने पर्स उचलली. गाडी आज यायची नाही, ड्रायव्हर आपल्याच गावचा आहे, असं काका अगदी मायेने म्हणाले आणि पाच वर्षांनंतरचा तक्ता त्यांनी तिच्यापुढे सरकवला. शाई ओली होती.

सवयीने तिने ते आकडे आपल्या आकड्यांशी ताडून बघितले. तिच्या देशाच्या तळातून एक कमी. तिच्या वयाच्या बायकांतूनही एक कमी. इथे बाळ वर सरकलेला आणि तळाशी नवं एक. बाकी सगळं जसंच्या तसं.

"काका, तिकडून दोघं वजा केलीत आणि इकडे एकच मिळवलंत," ती म्हणाली. "मग बाई गेली कुठे?"

काकांनी चष्मा काढून पुसला. तिच्याकडे बघणं त्यांना जड जात होतं.

"धड बाळंतपण करणारं इथे कोण उरलंय, पोरी?"