सावलीतली खडी

"ए कडे, हात मोडलेत का तुझे? तारे, म्हायेराला आलीस का गं?" बहात्तरच्या दुष्काळातला सिदू मुकादमाचा हा आवाज कडूबाईला अजून ऐकू येतो. मांजरसुंब्याच्या रस्त्यासाठी बाया खडी फोडत होत्या आणि सिदू दिवसभर त्यांच्यावर खेकसत होता.

फक्त केसरबाईंशी तो हळू बोलायचा. त्या सोसायटीच्या चेअरमनची, सुंदररावांची बायको. दुष्काळाआधी सिदू त्यांच्याकडेच सालगडी होता. विहीर आटली तशा त्याही तोंडावर पदर ओढून कामावर आल्या. "मालकीण, तुमी लिंबाखाली बसा. बारीक दगडं घ्या, दमानं होऊ द्या," असं म्हणत तो रांजणातलं पहिलं पाणी त्यांनाच द्यायचा.

बाया हातोडी थांबवून बघायच्या. "आपल्याला शिव्या अन् तिला सावली," तारा म्हणायची. दुपारी सगळ्याजणी गोल बसून भाकरी सोडायच्या, हिचा ठेचा तिच्या हातावर जायचा, हसणं-खिदळणं चालायचं. केसरबाई लिंबाखाली एकट्याच, पाठ फिरवून जेवायच्या.

एक दिवस सिदू त्यांच्यापाशी आला आणि अदबीनं म्हणाला, "मालकीण, माझ्याकडून काय कमी तर पडत न्हाई ना?"

केसरबाईंनी पहिल्यांदाच पदर मागं सारला.

"सिदू, मलाबी चारचौघीत शिव्या देत जा की रे बाबा. या बाया मला भाकरीला बोलवत न्हाईत."